ठराव होतो तिथे आपण असतो का?

जून २०२५ मध्ये शनिशिंगणापूरच्या देवस्थानाने १६७ कर्मचाऱ्यांना कामावरून काढलं. त्यातले ११४ मुस्लिम होते, म्हणजे काढलेल्या दर तीन माणसांत दोन आपली. कारण दिलं गेलं गैरहजेरीचं आणि शिस्तभंगाचं. पण त्याआधी काही हिंदुत्ववादी संघटनांनी ‘मुस्लिम कर्मचारी हटवा’ अशी मागणी लावून धरली होती आणि १४ जूनला देवस्थानावर मोर्चा काढायचं ठरवलं होतं. मोर्चाची तारीख यायच्या आत निर्णय जाहीर झाला.

मी नेवासा तालुक्यातला आहे. त्या आठवड्यात आमच्या भागातल्या पोरांच्या व्हॉट्सअॅप स्टेटसवर दुसरं काही नव्हतं. राग होता आणि तो रास्त होता. पण बोलणं दोनच वाटांनी जात होतं. कोणी म्हणे, हा सगळा द्वेषाचा मामला आहे, आता या देशात आपलं काही खरं नाही. कोणी म्हणे, मंदिरात आपण कामाला गेलोच कशाला? तिसरा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही. हा निर्णय नेमका कोणी घेतला, कोणत्या बैठकीत, कोणत्या नियमाने? आणि त्या निर्णयाचा जाब विचारायचा तर कोणाला?

मला वाटतं, आपल्या पिढीसाठी खरा प्रश्न हाच आहे. आपण दिल्लीतल्या कायद्यांवर रात्र-रात्र चर्चा करतो. पण आपलं काम, आपलं दुकान, आपल्या वस्तीचा रस्ता, आपल्या मुलांची शाळा यांचा निकाल गावातल्या आणि जिल्ह्यातल्या छोट्या सभागृहांत लागतो. त्या सभागृहांत कोण बसतं, तिथलं काम कसं चालतं, हे आपल्यातल्या फार थोड्यांना माहीत असतं. शिंगणापूर आणि त्याच्या आजूबाजूचा अहिल्यानगर जिल्हा हे समजून घ्यायला चांगली जागा आहे, कारण एका वर्षात इथे तीन वेगवेगळ्या सभागृहांची तीन वेगवेगळी रूपं दिसली.

पहिलं सभागृह : देवस्थान

शिंगणापूर म्हटलं की लोकांना दारं नसलेली घरं आठवतात. २०११ मध्ये युको बँकेने इथे कुलूप नसलेली शाखा उघडली, तेव्हा देशभर बातम्या झाल्या. मात्र या गावातली सगळ्यात मोठी संस्था, म्हणजे देवस्थान ट्रस्ट, वर्षानुवर्षं बंद खोलीसारखी चालली.

या ट्रस्टवर ११ विश्वस्त. ते गावचेच रहिवासी असावेत असा शिरस्ता, आणि त्यांची निवड धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाकडून. गावातले मतदार त्यांना निवडत नाहीत. जानेवारी २०१६ मध्ये पहिल्यांदा दोन महिला विश्वस्त झाल्या आणि अनिता शेटे अध्यक्ष झाल्या. त्याच काळात चौथऱ्यावर महिलांच्या प्रवेशाचं आंदोलन पेटलं होतं. विद्या बाळ आणि नीलिमा वर्तक यांची याचिका उच्च न्यायालयात होती. न्यायालयाने महिलांचा हक्क मान्य केला आणि ८ एप्रिल २०१६ ला, गुढीपाडव्याच्या दिवशी, ट्रस्टने चौथरा सगळ्यांसाठी खुला केला. ट्रस्ट आपल्या बैठकीत बसून आधी तयार झाला नव्हता. बाहेरून संविधान आणि न्यायालय आलं, तेव्हा दार उघडलं.

२०१८ मध्ये विधिमंडळाने या देवस्थानासाठी स्वतंत्र कायदा केला. तो पुढची सात वर्षं अंमलात आला नाही. २०२५ च्या जुलैमध्ये विधानसभेत या देवस्थानाच्या कारभारावर चर्चा झाली आणि मुख्यमंत्र्यांनी सांगितलं की पूर्वी २५८ कर्मचारी होते तिथे २,४४७ दाखवले गेले. बनावट अॅपवरून पूजेच्या नावाने भाविकांचे पैसे उकळल्याचं प्रकरणही गाजलं. मग २२ सप्टेंबर २०२५ ला सरकारने जुनं विश्वस्त मंडळ बरखास्त केलं, २०१८ चा कायदा लागू केला आणि जिल्हाधिकाऱ्यांना प्रशासक नेमलं. तो वाद पुढे न्यायालयातही गेला.

आता हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहा. जूनमध्ये सांगितलं गेलं की १६७ जण बेशिस्त आहेत म्हणून काढले. जुलैमध्ये कळलं की हजेरीपटावर किती माणसं खरी आणि किती खोटी, यावरच विधानसभेत प्रश्न आहेत. ज्या संस्थेचा हजेरीपट इतका संशयास्पद, तिने गैरहजेरीचं कारण देऊन काढलेल्या माणसांत दोन तृतीयांश एकाच समाजाची निघावीत, हे पटणारं नाही.

मला इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायची आहे. शनिदेवाच्या ट्रस्टवर मुस्लिम विश्वस्त असावा अशी माझी मागणी नाही, तशी कोणाची असू नये. श्रद्धेच्या जागेचा कारभार श्रद्धावंतांनी करावा. पण जी संस्था शेकडो लोकांना पगार देते, ती त्यांची मालक असते, आणि मालकाने माणूस काढताना काही रीत पाळायची असते. नोटीस द्यायची, त्याचं म्हणणं ऐकायचं, चौकशी करायची, कारण त्याच्या नावासमोर लिहून द्यायचं. कोणी महिनोन्‌महिने कामावर आला नसेल तर त्याला काढायला कोणत्याही मोर्चाची गरज लागत नाही, हजेरीपट पुरतो. आणि काढलेल्यांत ५३ जण मुस्लिम नव्हते, त्यांचं काय झालं हे तर कोणी विचारलंही नाही. बंद खोलीतल्या निर्णयाचा फटका त्यांनाही बसला. रस्त्यावरचा दबाव आला की अशी खोली सगळ्यात आधी त्याच माणसांना बाहेर काढते ज्यांच्या बाजूने बोलणारं आत कोणी नसतं.

दुसरं सभागृह : ग्रामसभा

शिंगणापूरच्या आधी चार महिने याच जिल्ह्यात दुसरी घटना घडली होती. पाथर्डी तालुक्यातलं मढी हे कानिफनाथांच्या यात्रेसाठी आणि गाढवांच्या बाजारासाठी सगळ्या महाराष्ट्राला माहीत असलेलं गाव. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिथल्या ग्रामसभेत ठराव झाला की यात्रेत मुस्लिम व्यापाऱ्यांना दुकानं लावू द्यायची नाहीत. बातमी पसरली, टीका झाली, तक्रारी गेल्या. चौकशी झाली आणि पाथर्डीच्या गटविकास अधिकाऱ्यांनी तो ठराव नियमबाह्य ठरवून रद्द केला. ती ग्रामसभा घरकुलाच्या विषयासाठी बोलावलेली होती, हा त्यातला एक मोठा मुद्दा होता.

मढीचा ठराव कायद्यात का बसला नाही, हे आपण शांतपणे समजून घ्यायला हवं. कारण तेच शिंगणापूरच्या कामगारांना उपलब्ध नव्हतं.

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम १९५८ चा. त्यानुसार ग्रामसभा म्हणजे गावातल्या सगळ्या मतदारांची सभा. तुम्ही सरपंचाला मत दिलं की नाही, तुमचा धर्म कोणता, याचा संबंध नाही. मतदार यादीत नाव आहे म्हणजे तुम्ही ग्रामसभेचे सदस्य. वर्षाला किमान चार सभा व्हाव्या लागतात, साधारणपणे २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या सुमारास. सभेची सूचना आधी द्यावी लागते, विषय आधी जाहीर करावे लागतात, इतिवृत्त लिहावं लागतं. मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यातली जी संख्या कमी असेल तेवढी माणसं हजर हवीत. ती नसतील तर सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला मग कोरमची अट उरत नाही. बऱ्याच गावांत ‘काम उरकणं’ जे चालतं ते याच तहकूब सभेत चालतं.

म्हणजे ग्रामसभेच्या ठरावाला तारीख असते, विषयपत्रिका असते, सह्या असतात आणि त्याच्या वर एक अधिकारी असतो. शिवाय ठराव संविधानाच्या वर जाऊ शकत नाही. कोणाला धंदा करू द्यायचा नाही हे त्याचा धर्म बघून ठरवायचा अधिकार कोणत्याही ग्रामसभेला नाही. मढीत अन्याय करायचा प्रयत्न झाला, पण तो कागदावर आला, आणि कागदावर आलेल्या अन्यायाला कागदावर उत्तर देता आलं. या उत्तराने लोकांची मनं बदलली असं मी म्हणत नाही. ती बदलायला वेळ लागतो. पण दुकान लावायचा हक्क तरी शाबूत राहिला.

मला मढीत आणखी एक गोष्ट महत्त्वाची वाटते. त्या ठरावावर जी टीका झाली ती फक्त मुस्लिमांनी केलेली नव्हती. खुद्द गावातूनही आवाज उठले. ग्रामसभेत वेगळं बोलायला जागा असते, म्हणून वेगळं बोलणारा माणूस सापडतो. बंद बैठकीत तो सापडत नाही.

तिसरं सभागृह : रिकामी जिल्हा परिषद

गावाच्या वर तालुक्याला पंचायत समिती आणि जिल्ह्याला जिल्हा परिषद. शिंगणापूरसाठी ती नेवासा पंचायत समिती आणि नगरची जिल्हा परिषद. १ मे १९६२ ला महाराष्ट्रात जिल्हा परिषदा सुरू झाल्या, आणि प्राथमिक शाळा, आरोग्य केंद्रं, ग्रामीण रस्ते, पाणी, पशुवैद्यकीय दवाखाने असा रोजच्या जगण्याचा मोठा भाग त्यांच्याकडे आला. आपल्या बऱ्याच मुलांच्या उर्दू प्राथमिक शाळा जिल्हा परिषदेच्याच आहेत. तिथे शिक्षकाची जागा रिकामी राहिली, वर्गखोली गळायला लागली, तर प्रश्न विचारायची हक्काची जागा म्हणजे शिक्षण समिती आणि सर्वसाधारण सभा.

आता इथलं राजकीय गणित बघा. फेब्रुवारी २०१७ मध्ये या जिल्हा परिषदेची निवडणूक झाली. ७२ जागा, बहुमताला ३७. काँग्रेसला २३, राष्ट्रवादीला १८, भाजपला १४, शिवसेनेला ७ आणि नेवाशात शंकरराव गडाखांनी काढलेल्या क्रांतिकारी शेतकरी पक्षाला ५. उरलेल्या जागा छोट्या गटांना आणि अपक्षांना. कोणालाच एकट्याने सत्ता मिळाली नाही. काँग्रेस आणि राष्ट्रवादीने मिळून ती घेतली आणि शालिनी विखे पाटील अध्यक्ष झाल्या. २०१९ मध्ये विखे कुटुंबाचं राजकारण भाजपकडे वळलं, राज्यात महाविकास आघाडी आली आणि त्या वर्षाच्या अखेरीस राष्ट्रवादीच्या राजश्री घुले अध्यक्ष झाल्या.

नगरचं राजकारण विखे, थोरात, घुले, गडाख अशा घराण्यांच्या आणि साखर कारखान्यांच्या भोवती फिरतं, ही तक्रार खरी आहे. तरी त्या आकड्यांत एक चांगली गोष्ट लपलेली होती. जिथे कोणाकडेच बहुमत नसतं तिथे पाच सदस्यांच्या गटालाही विचारावं लागतं, आणि एका गटातल्या काहीशे मतांनाही किंमत येते. तालुक्यापुरता पक्ष काढून गडाखांनी ती किंमत वसूल केली आणि २०१९ ला त्याच पक्षावर ते आमदार झाले.

मार्च २०२२ मध्ये त्या जिल्हा परिषदेची मुदत संपली. संविधानाचं कलम २४३-ई सांगतं की पंचायतीची मुदत पाच वर्षं, त्याहून जास्त नाही, आणि मुदत संपायच्या आत पुढची निवडणूक झाली पाहिजे. ती झाली नाही. ओबीसी आरक्षणाचा प्रश्न न्यायालयात होता. मार्च २०२१ च्या निकालाने आरक्षणासाठी तीन अटी घातल्या, मग बांठिया आयोग आला, मग गट-गणांची संख्या वाढवायची की कमी करायची यावर सरकारं बदलत गेली तसे निर्णय बदलत गेले. ६ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका पूर्ण करायला सांगितलं, नंतर ती मुदत ३१ जानेवारी २०२६ पर्यंत वाढवून दिली. या सगळ्या काळात जिल्हा परिषद प्रशासकाच्या ताब्यात होती. शिंगणापूरची घटना घडली तेव्हा जिल्ह्यात एकही जिल्हा परिषद सदस्य नव्हता आणि नेवाशात एकही पंचायत समिती सदस्य नव्हता.

जिल्हा परिषद सदस्य देवस्थानाचा निर्णय फिरवू शकला असता का? नाही, तो अधिकार त्याला नाही. पण ज्याला पुढच्या निवडणुकीत सगळ्या समाजांची मतं मागायची असतात, तो अशा वेळी मध्ये पडतो, दोन्ही बाजूंशी बोलतो, निदान ११४ कुटुंबांच्या घरी जाऊन येतो. गावगाड्यात वाद विझवण्याचं बरंचसं काम असंच होतं. प्रशासक प्रामाणिक असेल, मेहनती असेल, पण त्याला कोणाची मतं मागायची नसतात. सभागृह रिकामं असलं की मोर्चा काढणारा गट हाच गावचा आवाज ठरतो, कारण दुसरा आवाज मोजायची सोयच उरलेली नसते.

पैशाचंही तेच. पंधराव्या वित्त आयोगाच्या अनुदानाची एक अट होती की संस्था लोकनियुक्त असावी. निवडणुका लांबल्या की नुसता सन्मान जात नाही, निधीही अडतो.

स्कॉटलंडकडे एक नजर

आपल्याकडे मुदत संपली त्याच वर्षी, ५ मे २०२२ ला, स्कॉटलंडमध्ये सगळ्या ३२ स्थानिक कौन्सिलच्या निवडणुका एकाच दिवशी झाल्या. मागची निवडणूक मे २०१७ मध्ये झाली होती, म्हणून ही मे २०२२ मध्ये. यात बातमी होण्यासारखं काही नव्हतं आणि म्हणूनच ते सांगण्यासारखं आहे.

तिथे २००७ पासून मतदानाची पद्धतही बदलली आहे. बहुतेक प्रभागांतून तीन किंवा चार सदस्य निवडले जातात आणि मतदार उमेदवारांना १, २, ३ असे पसंतीक्रम देतो. पहिल्या पसंतीचा उमेदवार पडला तर तुमचं मत वाया जात नाही, ते दुसऱ्या पसंतीकडे जातं. आपल्याकडे विधान परिषदेच्या निवडणुकीत पसंतीक्रम देतात, तसंच काहीसं. परिणाम असा की एका पक्षाला सगळं मिळणं कठीण होतं. २०२२ मध्ये ग्लासगोच्या ८५ जागांत स्कॉटिश नॅशनल पार्टीला ३७, लेबरला ३६, ग्रीन पक्षाला १० आणि कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाला २ मिळाल्या. बहुमत कोणालाच नाही. कारभार करायचा तर इतरांशी बोलून करावा लागतो.

याच ग्लासगोत १९७० मध्ये, जुनी पद्धत असताना, पंजाबातून आलेले बशीर मान लेबरच्या तिकिटावर नगरसेवक झाले. तेव्हा त्या शहरात मुस्लिम मतं थोडीच होती. त्यांना निवडून दिलं ते प्रामुख्याने गोऱ्या कामगार शेजाऱ्यांनी. मला ही गोष्ट महत्त्वाची वाटते, कारण ती आपल्या जिल्ह्याला लागू पडते.

आपण काय करायचं

२०११ च्या जनगणनेनुसार आपल्या जिल्ह्यात मुस्लिम सुमारे ७ टक्के. आपल्या पद्धतीत जिल्हा परिषदेच्या गटातून एकच माणूस निवडून येतो. ७ टक्क्यांच्या बळावर असा गट जिंकता येत नाही, आणि फक्त मुस्लिमांचा उमेदवार म्हणून उभं राहणं म्हणजे समोरच्याला प्रचाराचा मुद्दा आयता देणं. रस्ता एकच, बशीर मान यांचा. पाणी, शाळा, रस्ता, दूध, ऊस यांवर सगळ्या गावासाठी काम करणारा माणूस म्हणून ओळख मिळवणं आणि मग मत मागणं. याला वेळ लागतो. निवडणुकीच्या आधी पंधरा दिवस बॅनर लावून ते होत नाही.

दुसरी गोष्ट ओबीसी आरक्षणाची. ज्या प्रश्नावरून निवडणुका अडल्या तो आपलाही प्रश्न आहे, हे आपल्यातल्या अनेकांना माहीतच नाही. बागवान, तांबोळी, पिंजारी, मोमीन अशा मुस्लिम जमाती राज्याच्या ओबीसी यादीत आहेत. मुस्लिम ओबीसी चळवळीने त्यासाठी वर्षानुवर्षं झगडा केला. म्हणजे ओबीसींच्या राखीव जागेवर आपले तरुण आणि तरुणी उभे राहू शकतात. अडचण येते ती कागदांची. जातीचा दाखला लागतो आणि जात वैधता प्रमाणपत्र लागतं, आणि त्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो. आपल्या कितीतरी आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात नुसतं ‘मुसलमान’ लिहिलेलं आहे. मग महसुली कागद, जन्म-मृत्यूच्या नोंदी, भावकीतल्या कोणाचं तरी वैधता प्रमाणपत्र शोधावं लागतं. हे काम निवडणूक जाहीर झाल्यावर सुरू करून होत नाही. ज्याला पाच वर्षांनी उभं राहायचं आहे त्याने आज तहसीलला जावं. मुलींनी तर नक्कीच जावं, कारण २०११ पासून राज्यात पंचायतींमधल्या निम्म्या जागा महिलांच्या आहेत. आपल्याकडे त्या जागेवर उभं करायला ऐन वेळी कोणाची तरी बायको शोधतात. ती बायको न राहता उमेदवार व्हायची असेल तर तिला आधीपासून ग्रामसभेत बसू द्या.

तिसरी गोष्ट सगळ्यात सोपी आणि सगळ्यात दुर्लक्षित. ग्रामसभेला जा. गावचा विकास आराखडा तिथे मंजूर होतो. वस्तीतला रस्ता, कब्रस्तानची भिंत, शादीखान्याची जागा, यांना ठराव लागतो. अल्पसंख्याक विभागाच्या ग्रामीण क्षेत्र विकासाच्या योजनेचा प्रस्तावही गावातून निघावा लागतो. तुम्ही मागितलं नाही तर तो निघत नाही. पुढच्या सभेची तारीख विचारा, विषयपत्रिका मागा, तुमचा विषय लेखी द्या आणि पोच घ्या. इतिवृत्त मिळालं नाही तर दहा रुपयांचा माहिती अधिकार अर्ज आहे.

यावर मला नेहमी एक उत्तर मिळतं, ‘भाई, गेलो तरी आपलं ऐकतं कोण?’ हे उत्तर खोटं नाही. बऱ्याच गावांत ऐकत नाहीत, काही ठिकाणी बोलू देत नाहीत, आणि आता तर मढीसारखे ठरावही येतात. पण न गेल्याने काय होतं तेही आपण पाहिलं. रिकाम्या खुर्चीवर दुसरं कोणीतरी बसतं आणि तुमच्या वतीने बोलतं. सलग चार सभांना पाच जण गेले, शांतपणे बसले, सगळ्या गावाच्या पाणीटंचाईवर बोलले आणि मग आपल्या वस्तीच्या गटारीवर बोलले, तर पाचव्या सभेत त्यांना गप्प बसवणं कठीण होतं. मी हे होताना पाहिलं आहे.

चौथी गोष्ट कडू आहे. शिंगणापूरच्या ट्रस्टला पारदर्शक व्हा म्हणायचा हक्क आपल्याला आहे. पण तोच प्रश्न आपल्या मशिदीच्या, दर्ग्याच्या, मदरशाच्या ट्रस्टला विचारायची हिंमत आहे का? जमातीच्या बैठकीत हिशेब वाचून दाखवला जातो का? मुतवल्ली किती वर्षं तोच आहे? मुअज्जनाला पगार किती आणि त्याला काढायचं तर कोणत्या नियमाने काढतात? शिंगणापूरने २०१६ मध्ये एका बाईला अध्यक्ष केलं. आपल्या तालुक्यातल्या किती मशिदींच्या कमिटीवर एक तरी बाई आहे? मी अशा एका बैठकीत हिशेबाची वही मागितली होती. मला सांगितलं गेलं की लहान तोंडी मोठा घास घेऊ नको. तसं सांगणारी माणसं वाईट नव्हती, त्यांना फक्त कोणी विचारायची सवय नव्हती. शिंगणापूरच्या विश्वस्तांनाही ती नव्हती.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. त्या ११४ जणांपैकी ज्यांना कामगार न्यायालयात जायचं असेल त्यांना वकील आणि कागद मिळवून देणं हे आपलं पहिलं काम. त्यांच्यासोबत काढलेल्या बाकी ५३ जणांनाही विचारणं, त्यांनाही सोबत घेणं हे दुसरं. आणि निवडणुका येतील तेव्हा आपल्या गटात, आपल्या गणात जो कोणी मत मागायला येईल, मग तो कोणत्याही पक्षाचा असो, त्याला चार माणसांसमोर एक प्रश्न विचारायचा. जून २०२५ मध्ये तुम्ही कुठे होता आणि उद्या असंच झालं तर कोणत्या सभेत उभे राहून काय बोलाल? तो जे उत्तर देईल ते लिहून ठेवा. मग त्याच्या पहिल्या सर्वसाधारण सभेनंतर इतिवृत्त मागवा आणि तो बोलला का ते तपासा.